तू वर जाऊन ये

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर श्रीलंकेचा नकाशा पसरून आम्ही दोघं बसलो होतो. गाडी करून आठवडाभर तिथल्या जुन्या राजधान्या बघायच्या, हा ह्यांचाच हट्ट. ह्यांनी पेन्सिलीने कोलंबोपासून अनुराधापूरपर्यंत रेघ ओढली आणि शेजारच्या मिहिंतलेच्या टेकडीपाशी थांबून म्हणाले, "इथे पायऱ्या खूप आहेत. तू वर जाऊन ये, मी खाली गाडीत बसतो."

पुढे सिगिरियाचा उंच कातळ आला. तिथेही तेच. लग्नानंतर मला धापा टाकायला लावत गडांवर नेणारा, वरून हाका मारणारा हा माणूस. हृदयाच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं, तरी तो चढाच्या पायथ्याशी एकटा बसलेला काही केल्या माझ्या डोळ्यांपुढे येईना. मुक्काम कुठे, जेवण कुठे, सगळं आपण ठरवतो. आपलं माणूस कुठवर सोबत येईल, एवढंच ठरवता येत नाही.

पोलोन्नरुवा आल्यावर मात्र मला हायसं वाटलं. "इथे सगळं सपाट आहे हं. तो दगडातला निजलेला बुद्ध आपण दोघं मिळून बघू."

"बघू. ऊन फार असेल," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुला एकटीला जमेल ना गं सगळं?"

"काय, पायऱ्या चढायला?"

त्यांनी पेन्सिल नकाशावर ठेवून दिली. त्यांनी पायऱ्यांबद्दल विचारलं नव्हतं, हे मलाही कळलं होतं. कँडीपर्यंतचा रस्ता आखायचा त्या दिवशी राहूनच गेला.