वारावरची केशर

पुणतांब्यात दमयंतीबाईंनी नाक खुपसलं नाही असं एक घर नव्हतं. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाची सून रुसून माहेरी गेली, की बाई पदर खोचून हजर. त्यांचे यजमान यज्ञेश्वर मास्तर म्हणायचे, "आमच्या घरात दोन हेडमास्तर आहेत. मी त्यातला धाकटा."

एकाहत्तर साली, ऐन गळीत हंगामात, पलीकडच्या एका साखर कारखान्याचा बॉयलर फुटला. उसाच्या गाड्या रिकाम्या करायला थांबलेली पाथर्डीकडची ऊसतोडणीची माणसं त्यात सापडली. काही जागच्या जागी गेली, काही भाजून नगरच्या दवाखान्यात पोचली. मागे पाचटाच्या झोपड्यांमधून, कोप्यांमधून, पोरं तेवढी उरली. कुणाचा बाप गेलेला, कुणाचे आईबाप दोघंही दवाखान्यात. गावकऱ्यांनी बैलगाड्या जुंपून पोरं आणली आणि मारुतीच्या देवळात बसवली. आणली खरी, पण पुढं काय?

"वार लावायचे!" दमयंतीबाई म्हणाल्या.

मास्तर स्वतः लहानपणी वारावर जेवून शिकलेले. गरीब विद्यार्थ्यानं सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा काढायचा. कुणा एकावर भार नाही आणि मुलाला उपास नाही. बाईंनी त्यात झोपणंही घातलं. जिथं जेवण तिथंच रात्री अंथरूण. आळीआळीत फिरून त्यांनी घरं ठरवली. कुणी कां-कूं केलं तर, "तुमच्या नातवाच्या ताटातलं काही कमी होत नाही," असं सुनावून गप्प केलं. सगळं गाव म्हणालं, वा, काय बाईंचं डोकं!

आणि चाललंही झकास. मोठी पोरं बघता बघता रुळली. कुणाकडं ताक घट्ट, कुणाकडं कालवण जहाल, याच्या चर्चा देवळापुढं रंगायला लागल्या. बाई तिकडून जाताना मुद्दाम रेंगाळत ऐकायच्या आणि खूश व्हायच्या.

फक्त केशरचं काही जमेना. चार वर्षांची असेल पोर. बाप बॉयलरपाशी जागच्या जागी गेला होता आणि आई, बनुबाई, दवाखान्यात पडून होती.

"बाई, पोरगी लई गुनाची हाय, पर बसतच न्हाई बगा," शेतकऱ्याघरच्या छबूबाई एकदा सांगत आल्या. केशरचा सोमवार त्यांच्याकडं असायचा. "उंबऱ्यापाशी उबी ऱ्हाती. कापडाचं बोचकं काखंत. झोपली तरी सोडत न्हाई."

"होईल सवय," बाईंनी उडवून लावलं. स्वतः बसवलेली घडी अशी सहज मोडवते होय कुणाला!

गुरुवार बाईंचा. शुक्रवारी सकाळी, पोर निघायच्या आधी, त्यांनी भरपूर तूप घालून गुळाचा शिरा केला. केशरनं तो उभ्या उभ्याच खाल्ला, ताटली स्वतः मोरीत नेऊन ठेवली, बोचकं उचललं आणि विचारलं, "आता कुनाच्यात जायचं?"

बाईंना एकदम उमगलं. अगं आई गं, हे काय करून बसले मी! मास्तर वारावर जेवत होते तेव्हा चांगले दहा-बारा वर्षांचे घोडे होते, आणि गावाकडं त्यांची आई धडधाकट होती. या एवढ्याशा जिवाला मी रोज एक आई देते आणि उजाडलं की काढून घेते!

"कुठं नाही जायचं," त्या म्हणाल्या. "इथंच राहायचं."

पोरीला ते खरं वाटेल तर शपथ. रोज सकाळी दाराशी तयार. रोज बाई सांगायच्या, "आजसुद्धा इथंच गं." मग त्या घरोघर जाऊन चुकलं म्हणून आल्या आणि बाकीची लहान पोरंही एकेका घरी कायमची नेमून दिली. बाईंनी स्वतःच्या तोंडानं चूक कबूल केली, यावर अर्ध्या गावाचा विश्वासच बसला नाही.

हळूहळू केशर बसायला लागली. पुढं तर बाई सोवळ्यात स्वयंपाकाला बसल्या की खुशाल पाठीवर रेलायची. मास्तर गालात हसायचे. "हसू नका. देवाला चालतंय," बाई फटकारायच्या.

जीव जडला त्यांचा, खोटं कशाला बोला. चैत्रात निरोप आला, बनुबाईला घरी सोडणार. उजव्या हाताची बोटं जुळून गेलीत, कोयता काही आता धरवायचा नाही. ते ऐकल्यापासून बाईंच्या मनात घोळत होतं. मास्तरांना म्हणाल्या, "ती एकटी, हात असा. पोर आपल्याकडंच राहू दे असं सांगते तिला. तिचंही भलंच होईल."

"तिचं, का तुझं?" मास्तर म्हणाले. बाई त्यांच्याशी दिवसभर बोलल्या नाहीत.

बनुबाई एस्टीनं आली. अर्धा चेहरा भाजलेला, हात फडक्यात गुंडाळलेला. अंगणातच थांबली, पोर भ्याली तर, या धास्तीनं पाऊल पुढं पडेना. केशर बाईंचा पदर धरून बाहेर आली. बाईंनी जे बोलायचं ठरवलं होतं ते अगदी ओठांवर होतं.

"केशे," बनुबाईनं हाक मारली.

आवाज ओळखला पोरीनं. तिचा चेहराच सांगत होता. पण हलली नाही. पदर ओढून बाईंना हळूच विचारलं,

"हिचा वार कंचा?"

बनुबाईला काही उमगलं नाही. दमयंतीबाईंना मात्र रडू आवरेना. ठरवलेलं सगळं त्यांनी सोडून दिलं.

"सगळे," त्या कशाबशा म्हणाल्या. "सगळे वार हिचेच, बाळ."

"आन तुमचा?"

बाईंनी पदरावरची ती इवलीशी मूठ सोडवली. "माझा नाही. आई आहे ना ती तुझी? जा."

केशर पळतच गेली.