लेकराची स्ट्रॉबेरी

अंबाजोगाईच्या बसस्टँडसमोर भाजीचा गाडा लावणाऱ्या त्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. थंडीत मेथी-कोथिंबिरीशेजारी त्या स्ट्रॉबेरीचे चार-दोन डबेही ठेवायच्या. बदली होऊन आलो त्या हिवाळ्यात मी पहिला डबा घेतला, तेव्हा त्यांनी विचारलं, “लेकराला का?” एवढं महाग फळ एकट्यासाठी घेतोय, हे सांगायची लाज वाटली. मी हो म्हणालो.

तेव्हापासून दर शनिवारी त्या उघड्या डब्यातली एक स्ट्रॉबेरी निवडायच्या, पदराला पुसायच्या आणि माझ्या डब्यावर ठेवायच्या. “ही लेकराची.” खोलीवर आल्यावर मी तेवढी एक बाजूला काढायचो आणि सगळ्यात शेवटी खायचो, ओट्याशी उभ्यानंच.

असे तीन हिवाळे गेले. यंदा संक्रांतीनंतर मला राहवलं नाही. म्हणालो, “मावशी, घरी लेकरू नाही. मी एकटाच असतो.”

त्या मेथीवर पाणी शिंपडत राहिल्या. “ठावं हाय की. माल कितीदा लई आंबट निघतोय. घरात लेकरू असतं, तर एकदा तरी तुमी भांडायला आला असता, भाऊ.”

आणि नेहमीसारखी एक पुसून त्यांनी डब्यावर ठेवली.

रविवारी सकाळी मी अर्धा डबा घेऊन परत गेलो. “आंबट निघाली, मावशी,” मी म्हणालो. त्यांनी कमरेवर हात ठेवले, आणि आम्ही बराच वेळ भांडलो.