धसमुसळीचा शिक्का

माझी भाची जन्मजात धसमुसळी. तिने दार लावलं की शेजारचे उठून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात. या मुलीने डॉक्टरेटला विषय कुठला घ्यावा? तर डोळ्यांना न दिसणारे ठिपके उमटवण्याचा!

काम सांगायला सोपं. सोन्याचा पातळ मुलामा दिलेली काच घ्यायची. बारीक उंचवटे असलेल्या मऊ रबराच्या शिक्क्याला रसायन लावून तो तिच्यावर टेकवायचा. रसायनाचे रेणू सोन्यावर पाय रोवून, खांद्याला खांदा लावून आपोआप उभे राहतात. त्या ठिपक्यांवर प्रथिनं चिकटतात. मधल्या मोकळ्या जागेत प्रथिनांना थारा न देणारे दुसरे रेणू बसवायचे. पुढेमागे रक्ताच्या एका थेंबात अनेक रोग वेगवेगळ्या ठिपक्यांवर ओळखता यावेत, म्हणून हा खटाटोप.

हिच्या काचेवर ठिपके नाहीतच. चमकणारं प्रथिन सोडलं की सूक्ष्मदर्शकाखाली सगळं सरसकट हिरवंगार.

"लॉन लावलंय का?" तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. हे सर प्रयोगशाळेत येतात ते वाढदिवसाचा केक कापायला. "या आठवड्यात जमलं नाही, तर विषय दुसऱ्याला देतो."

विषय गेला की डॉक्टरेट गेली. भाची येऊन माझ्या सोफ्यावर आदळली. सोफा वाचला.

"मावशी, रसायन बदललं, काच बदलली. जीव खाऊन दाबते गं शिक्का! आणखी काय करू?"

"जेव," मी म्हटलं. मी जन्मभर इतिहास शिकवला. मला काय कळतंय?

शेवटच्या दिवशी तिने शिक्का काचेवर ठेवला, तेवढ्यात सरांनी दारातून मुंडकं आत घातलं.

"काय लॉनवाली, पाणी घातलं का?"

भाचीचं डोकं फिरलं. शिक्का तसाच टाकून ती बाहेर भांडायला गेली. "सर, तुम्ही स्वतः शेवटचा शिक्का कधी मारलात? हजेरीवर?"

मनसोक्त भांडून परतली, रागारागात उरलेलं काम उरकलं आणि सूक्ष्मदर्शकात डोकावली. गोल, सुटे ठिपके! मध्ये काळोख.

शिक्क्याला स्वतःचं वजन पुरत होतं. ही बया दाबायची, तेव्हा मऊ रबराचा खोलगट भागही काचेला टेकायचा आणि रसायन सगळीकडे फासलं जायचं.

तिने सरांना ओढत आणलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"बरं. विषय तुझाच," ते डोळा न काढताच म्हणाले.

आनंदाच्या भरात हिने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. सरांच्या डोळ्याभोवती गोल वळ उमटला, कडा अगदी रेखीव. तो मात्र दाबूनच.