आम्ही म्हणजे कोण

बुटांना लागलेल्या खाडीच्या चिखलाचा वास आला की डोंबिवलीच्या घरातली ती दुपार आठवते. कोलशेतच्या खाडीवरचा माझा पहिला शोधनिबंध छापून आलेला, लेखक मी एकटाच. बाबांना इंग्रजी येत नसे, म्हणून मी मराठीत सांगू लागलो, "आम्ही दर अमावास्येच्या ओहोटीला चिखलात उतरलो. आम्ही पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या भरल्या." बाबांनी थांबवलं. "आम्ही म्हणजे कोण कोण रे?" "कोणी नाही, मीच. शोधनिबंधात असंच लिहायची पद्धत आहे." पंख्याच्या वाऱ्याने पानं उडत होती, बाबांनी ती तळहाताने दाबून धरली. "वर्षभर एकटाच जायचास? सांगायचंस ना, मी आलो असतो बाटल्या धरायला." मी हसलो आणि पुढचं वाचत राहिलो. आता बाबा नाहीत, चिखलात मी अजून एकटाच उतरतो. परवा नव्या शोधनिबंधाबद्दल एका संपादकांनी कळवलं, लेखक एकच असेल तर 'आम्ही' नको, 'मी' लिहा. मी निमूटपणे सगळीकडे बदललं. बाटल्या भरल्याच्या वाक्यात तेवढा 'आम्ही' राहू दिला.