धाकट्याची जुनी सवत

आमच्या धाकट्या भावाला सवत आली. हसू नका, पुरुषालाही येते. आणि ही सवत कोण, तर चार हजार वर्षांपूर्वी मेलेला एक कुंभार!

धाकटाही कुंभारच. कुंड्या, रांजण करतो. त्याची बायको संग्रहालयात फुटकी भांडी जोडते. झालं असं, की फार पूर्वी महापुरात बुडालेलं एक शहर सापडलं. त्या पुराने म्हणे तेव्हाचं सगळं जगच धुऊन नेलं. मूठभर माणसं टेकडीवर पळाली, तेवढीच वाचली. त्यातल्याच एका कुंभाराची खापरं हिच्या टेबलावर आली नि आमच्या धाकट्याचं सुख संपलं.

घरी आली की दुसरा विषयच नाही. "अहो, सगळं गेलं हो बिचाऱ्याचं, चाकसुद्धा! हाताने थापून केलंय. वाकडंय, पण किती गोड!"

"माझी कुंडी वाकडी झाली की म्हणतेस, लक्ष कुठं होतं."

"तुमचं गाव बुडालं होतं का?"

झालं! धाकटा माझ्याकडे येऊन फणफणला, "ताई, दिवसभर त्याला ब्रशने कुरवाळते गं!"

मग या शहाण्याने काय करावं? कुणालाही न विकलेला आपला निळा रांजण अंगणात आपटला नि तुकडे तिच्यापुढे ठेवले. "हातातून निसटला. जोडशील?"

ती बसली की जोडायला! रोज संध्याकाळी दिवा, ब्रश, डिंक. हा समोर नवरदेवासारखा खुलून बसलेला. शेवटी काठाचा एक तुकडा मिळेना. तिने खाटेखाली शोधलं, अंगण झाडलं.

"सापडेल गं. घाई काय आहे?" धाकटा म्हणाला. तुकडा त्याच्याच खिशात होता. खिसा एवढा फुगलेला, मला दिसत होता. पण मी कशाला बोलते? मजा गेली असती.

"राहू दे," ती म्हणाली. "तिथे प्लास्टर भरते. संग्रहालयातही आम्ही एका तुकड्यासाठी थांबत नाही. आजच संपवते."

धाकट्याचा चेहरा पडला. हळूच खिशात हात घालून त्याने तुकडा पुढे केला.

तिने तुकड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "त्या बिचाऱ्याने असलं काही कधी केलं नाही हो."

"त्याला काय गरज? तू रोज जातेसच की त्याच्याकडे."

ती खुदकन हसली. तुकडा रुमालात बांधून तिने कमरेला खोचला. "आज डोळे दुखताहेत. उद्या बसू."

"आणि तो?"

"त्याच्याकडे दिवसा."

"दिवसा म्हणजे किती वाजेपर्यंत?"