मऊ शब्द

शाहूपुरीतला एक पेंटर पाट्या रंगवतो. इंग्रजी शब्द अडला की कानावरची पेन्सिल काढत माझ्याकडे येतो, कारण आमच्या गल्लीत पहिला ग्रॅज्युएट मी. बॅन, फॉरबिड, प्रोहिबिट, सगळं लिहून देऊन मला कंटाळा आलाय.

परवा म्हणाला, "सर, एका अपार्टमेंटची पाटी हाय. कामवाल्या बायकांना लिफ्ट बंद. मऊ शब्द कुठला?"

"मऊ कुठलाच न्हाय, पेंटर. अर्थ एकच."

"मग अवघड द्या की. आमची मंडळी तिथंच धुणीभांडी करती. मराठी वाचाय येतं तिला."

मी 'प्रोहिबिटेड' लिहून दिलं. त्यानं नेहमीसारखीच घोटीव अक्षरं काढली, पाटी स्वतः ठोकली.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं ती पाटी पेंटरच्या बायकोला मराठीत समजावून सांगितली.