गुडघ्यावरचे चांदीचे डोळे

पारुबाईचे पाय उठतानाच दुखायला लागत. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्याला आणि तोंडात महादेवाचं नाव, असं तिचं उठणं. मग खाटेवरच्या तातेरावांचं तोंड धुवायचं, त्यांना कुशीवर वळवायचं, सासूपुढे चहाची बशी ठेवायची आणि घागर घेऊन देवळाची वाट धरायची. गुरवकी त्यांच्याच घरात होती. चौऱ्याण्णव साली तातेरावांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली आणि पूजेची घागर पारुबाईच्या डोक्यावर आली, ती कायमची.

गोरेगावच्या जीपमधून फाट्यावर उतरलं की ओढ्यापलीकडे दिसतं, तेच हे देऊळ. दगड काळा, सांध्यात चुन्याचा टिपूस नाही. कोनाकोनांनी वळत गेलेला चौथरा, त्यावर हत्तींची रांग, हत्तींवर माणसांची, आणि माणसांच्या डोक्यावर भिंतभर बायका. कोणी आरशात बघते आहे, कोणाच्या कडेवर लेकरू, कोणाच्या गळ्यात मृदंग. आतले खांब उतरंडीला गाडगी रचावीत तसे. अभिषेकाचं पाणी मागच्या बाजूला मगरीच्या तोंडातून पडतं. पारुबाईला हे सगळं तोंडपाठ होतं, ते झाडावं लागतं म्हणून. हत्तींच्या पायांत पिंपळाची पानं अडकत, मगरीच्या जबड्यात शेवाळ धरे. "कोरणारा कोरून गेला मेला," ती म्हणे, "झाडणारीचा इचार कोन करतो?"

दक्षिणेच्या भिंतीवरची शेंदरीआई मात्र तिची खास. किती पिढ्यांचा शेंदूर आणि तेल बसून तिथं एक गोल, लाल गोळा झाला होता, त्यावर चांदीचे दोन डोळे. गोळ्याच्या वर भिंतीला जुन्या चुन्याचे पापुद्रे. पूर्वी जत्रेच्या आधी गाव देवळाला चुन्याचा हात देई, त्यातले. आतला महादेव साऱ्या गावाचा. पण आपलं म्हणून जे काही सांगायचं, ते पारुबाई त्या चांदीच्या डोळ्यांत बघून सांगे. आणि सांगणं एकच: यांना पायावर उभं कर.

दोन हजार तीनच्या वैशाखात, ऊन नुसतं ओतत होतं. तिनं गोळ्यावर तेलाची वाटी उपडी केली आणि आतून काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला. बघता बघता अख्खा शेंदूर चुन्याच्या पापुद्र्यांसकट खाली आला, तिच्या पायाशीच. चांदीचे डोळे मातीतून वर बघत होते.

"माय वं! माह्या हातून आई पडली!"

हाकेनं ओढ्यावरच्या बाया आल्या, मागोमाग सरपंच प्रेमसिंग आला. तो तांड्यावरचा, पण देवळाच्या कामात नेहमी पुढे. त्यानं पडलेलं कवच आधी धुतल्या धोतरात बांधून घेतलं. आईनं कवच सोडलं की ते नदीला द्यायचं, ही रीत. मग सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.

तिथं एक बाई उभी होती. एका पायावर. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून वर घेतलेला, बोटांनी तळव्यातला काटा काढते आहे. मान खाली. चांदीचे डोळे ज्या गोलाव्यावर होते, तो तिचा मुडपलेला गुडघा. तोंड तर कितीतरी वर, छज्ज्याखाली.

कोणीतरी तोंडाला पदर लावून हसली. "म्हंजी आमी इतके दिस गुडघ्याला कुंकू लावून राह्यलो व्हय?"

पारुबाई हसली नाही. घरी येऊन ती उंबऱ्यावरच बसली. सासू भिकाबाई जात्याजवळ लसूण सोलत होती. तिला सगळं सांगितलं.

"डोळे मीच लावले व्हते," भिकाबाई म्हणाली.

"आत्याबाई! गुडघ्याला?"

"मला काय ठावं गुडघा का डोस्कं? शेंदूर व्हता सगळा. गोल दिसलं. आन् माहा हात तिथंवरच पुरत व्हता."

खाटेवरून तातेराव हसले. अर्ध्या तोंडाचं हसणं, शब्द जड. "बराबर हाये की. माहे पायच मागत व्हती ना तू? गुडघ्यालाच सांगितलं."

"मंग उठा की!" पारुबाई ओरडली. "काहून पडून राह्यले? उठा!"

तातेरावांनी मान भिंतीकडे वळवली. लसणाच्या साली वाऱ्यानं अंगणात गेल्या. बोलायला नको होतं, हे तिला कळत होतं, पण माघारी घ्यायचंही त्राण नव्हतं. एवढ्या वर्षांचं सांगणं गेलं कुठं? ज्या कानांनी ऐकायचं, ते तर चुन्याखाली बुजलेले होते.

कवच नदीला दिलं, डोळ्यांसकट. दुसऱ्या दिवशी प्रेमसिंगनं शिडी आणली, नवा शेंदूर आणला, सोनाराकडून नवे डोळे आणले.

"वैनी, आता चूक नको. बराबर तोंडाला लावा. मी शिडी धरतो."

गुडघे कुरकुरत पारुबाई वर चढली. अशी समोरासमोर ती आईला पहिल्यांदाच भेटत होती. नाकाचा शेंडा उडालेला. कानांत जड झुबे, अंबाड्याचे पेड वेगवेगळे कोरलेले. आणि नजर? ती पारुबाईकडे नव्हती, गावाकडे नव्हती. सरळ खाली, तळव्यातल्या काट्यावर. कधीपासून एका पायावर उभी, आणि काटा अजून निघालेला नाही.

पारुबाई शिडीवर थांबून राहिली. मग हातातला शेंदूर तसाच घेऊन खाली उतरली.

"काय झालं?"

"नको डोळे. तिला हायेत."

"मंग शेंदूर तरी लावा. नवसाचं काय, वैनी? बाया कुठं जातील?"

"शेंदूर लावला की काटा बुजंल पुन्हा. न्हाई लावत मी." ती दमून चौथऱ्यावर बसली. या चौथऱ्यावर आजवर तिनं कधी टेकलं नव्हतं, झाडलंच फक्त. "नवस माहा बी व्हता, भाऊ. नेते मी घरी परत."

प्रेमसिंग पुटपुटला, की गाव काय म्हणंल. शिडी उचलून तो गेला. तिनं वाटीतलं तेल बोटानं त्या उचललेल्या तळव्याला लावलं, जिथं हात सहज पुरत होता. मागितलं काही नाही.

घरी तातेराव डोळे मिटून पडले होते. तिनं त्यांना कुशीवर वळवलं, उरलेलं तेल हातावर घेतलं आणि त्यांचा लुळा गुडघा चोळायला बसली.

"आज काय मागितलंस?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"काई न्हाई. तीच दमलीये." थोड्या वेळानं ती म्हणाली, "सरका जरा तिकडं. मला बी टेकू द्या."

तातेरावांनी उजव्या हातानं खाटेची कड धरली आणि होईल तेवढं अंग ओढून घेतलं.